तालुक्याचे ओटीपी जावेदच्या खिशात

या अंकासाठी लेख आधी जावेदला मागितला होता. संपादक माझ्या दुकानावरून पुढे गेले, रस्ता ओलांडून त्याच्याकडे बसले, चहा प्याले, आणि जावेद त्यांना म्हणाला, "मले कुठी लिहिता येते सर, समोरच्या बाईले इचारा." म्हणून हा लेख माझ्याकडे आला. उष्टा म्हणणार नाही, पण दुसऱ्या पंगतीचा आहे, आणि हे वाचणाऱ्यांना आधीच माहीत असलेलं बरं.

दारव्ह्यात माझं ऑनलाइनचं दुकान आहे. आधी तिथे टायपिंग इन्स्टिट्यूट होती. सकाळपासून मशीनींचा खडखडाट, शाईच्या रिबिनी, आणि "बाई, माह्या मशीनचं 'क' अटकते" अशा तक्रारी. मग कॉम्प्युटर आले, मशीनी भंगारात गेल्या आणि मी दाखले, पीक विमा, शिष्यवृत्ती, कॉलेजचे प्रवेश असली कामं करू लागले. पाटी तीच राहिली. लोक अजून "टायपिंगवाल्या बाईकडे" म्हणतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय आहे, बटणं तर दाबायची! बटणं दाबणं हा त्यातला सोपा भाग. आमचा खरा धंदा म्हणजे लोकांना त्यांच्याच घरात शिरायला मदत करणं. प्रत्येक वेबसाइटवर माणसाचं एक खातं असतं. त्याला पासवर्ड असतो, ती किल्ली. पण किल्ली काय, चोरालाही सापडते. म्हणून वर दुसरी राखण लागते. मोबाइलवर एक आकडा येतो, ओटीपी. एकदा वापरला की मेला. मी लोकांना सांगते, किल्ली खिशात ठेवा आणि दारात कुत्रंही बांधा. चोरानं किल्ली पळवली तरी कुत्र्याला काय सांगेल?

एवढं लोकांना पटतं. पुढे मी म्हणते, "आता पासवर्ड तुम्ही ठरवा, मला सांगू नका, मी तोंड फिरवते," आणि तिथे भांडण लागतं.

"तुमच्यापासून काय लपवाचं बाई? तुमीच टाका ना काहीतरी."

"नाही. तुम्ही टाका."

"काय टाकू?"

"ते मी सांगितलं तर मग पासवर्ड कसला?"

लोक वैतागतात. नाव आणि पुढे एक-दोन-तीन असला पासवर्ड मी कोणाला ठेवू देत नाही. एक शब्द नको, आख्खं वाक्य धरा म्हणते. लांब पाहिजे, दुसऱ्याला सुचू नये, तुम्हाला विसरता येऊ नये. आणि प्रत्येक खात्याला वेगळं. यावर आमच्या बाजारात माझ्याबद्दल एक वाक्य ठरलेलं आहे: "बाईचं काम पक्कं हाये, पण नखरे लय."

बाभुळगावकडच्या एक विमलबाई होत्या. माहेर दारव्ह्याला, म्हणून कामं माझ्याकडे. बचत गटाच्या अध्यक्ष, बोलणं खणखणीत. त्यांना वाक्य सुचेना. मी म्हटलं, रोज मनात येतं आणि तोंडानं बोलता येत नाही, असं काहीतरी घ्या. त्यांचा चेहरा असा उजळला म्हणता! जाऊबाईला उद्देशून एक लांबलचक वाक्य त्यांनी ठोकलं. काय ते मी पाहिलं नाही, पण टाकताना त्यांचे ओठ हलत होते आणि एकेक बटण त्या अंगठ्यानं चिरडत होत्या. वेबसाइटनं हिरवी खूण दिली, पासवर्ड मजबूत आहे म्हणून.

"बाई, किती बरं वाटलं हो!"

अडचण एकच झाली. पुढच्या खेपेला जाऊबाई सोबत आल्या. विमलबाईंना मनातल्या मनात म्हणत टाइप करता येईना. तोंडानं म्हटल्याशिवाय बोट चालायचं नाही. शेवटी जाऊबाईला मी पाणी आणायला मागच्या खोलीत पाठवलं. ती परत येईपर्यंत खातं उघडलं होतं. "वहिनी, कायले हसून राह्यल्या?" तिनं विचारलं. विमलबाई म्हणाल्या, "काई नाई वं, सरकारी काम लौकर झालं."

दुसरी होती संगीता. नवरा राजूरच्या कोळशाच्या खाणीत. घरात सगळं त्याच्या नंबरावर: गॅस, रेशन, पोराची शिष्यवृत्ती. ती इथे माझ्या खुर्चीवर बसायची, मी बटण दाबायची, आणि ओटीपी जायचा तिकडे राजूरला. नवरा खाणीत उतरलेला, फोन वर. काही मिनिटांत आकडा मरायचा. "थो खाली गेला का आमचं सरकार बंद," संगीता म्हणायची. मी म्हटलं, तुझ्या नावाचं सिम घे, तुझा नंबर जोड. तिनं जोडला. सुटीच्या दिवशी नवरा माझ्या दारात उभा.

"बाई, बायकोच्या नंबरावर काहून केलं?"

"तिचं काम तीच करते ना?"

"मंग मी कायले हावो घरात?"

माणूस रागानं बोलत नव्हता, जळत होता. मला तो चेहरा ओळखीचा वाटला. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, तुझी खाती तुझ्या नंबरावर, तिची तिच्या. तो गेला, पण जाताना बायकोच्या फोनकडे असा बघत गेला, जशी मी जावेदच्या दुकानाकडे बघते.

आता जावेदवर येते. इतका वेळ थांबले हेच पुष्कळ.

जावेद माझा विद्यार्थी. बाप मेकॅनिक, बस स्टँडजवळ गॅरेज. पोरगा गॅरेजातून थेट क्लासला यायचा, हात ग्रीसनं काळे. मी म्हणायची, आधी साबण, मग मशीन. त्याच्यासारखी बोटं मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाहीत. न बघता, न चुकता. परीक्षा पास झाला आणि काही वर्षांनी बरोबर माझ्या समोर दुकान टाकलं. टाकण्याआधी विचारायला आला होता, "बाई, समोर उघडू का?" मी म्हटलं, "उघड की, रस्ता काय माझ्या बापाचा आहे?" त्यानं तो आशीर्वाद समजला आणि पेढे घेऊन आला.

तेव्हापासून मी जळते आहे. धंदा गेला म्हणून नाही हो, माझं भागतं. लोक त्याच्यावर जीव टाकतात म्हणून. ओल्या तुरीच्या शेंगा आल्या की पहिली पिशवी त्याच्या टेबलावर. हुरड्याचं बोलावणं त्याला. लग्नाची पत्रिका माझ्याकडे दाराखालून सरकवतात; त्याच्याकडे नवरदेवाचा बाप स्वतः जातो, बसतो. आणि दिवाळीत, मी डोळ्यांनी बघते, फराळाचं ताट रुमालानं झाकून बायका माझ्या दारावरून पलीकडे जातात. जाताना मला "काय बाई, बरं हाये ना?" म्हणतात. रुमालाखालच्या अनारशांचा वास येतो, म्हणून बरं नाही!

असं त्यानं काय केलं? काही नाही. नखरे केले नाहीत, एवढंच. त्याच्याकडे माणूस गेला की जावेद विचारायचा नाही. सगळ्यांना पासवर्ड एकच, त्यानं ठरवलेला. आणि मोबाइल नंबराच्या जागी स्वतःचा नंबर. आकडा त्याच्याच खिशात वाजायचा, तोच टाकायचा, दाखला हातात. माणूस खूश. म्हातारा कोतारा घरून नुसता अंगठा घेऊन आला तरी काम व्हायचं.

मी एकदा त्याला बोलले. "जावेद, हे चूक आहे. लोकांचं कुत्रं लोकांच्या दारात पाहिजे. तू तर तालुक्याची सगळी कुत्री आपल्या अंगणात बांधून ठेवलीस."

तो हसला. "बाई, लोकायजोळ नंबर टिकते का? रिचार्ज सरला का सिम फेकते, नवं घेते. जुना नंबर दुसऱ्या कोणाले जाते. फोन पोराच्या खिशात, पोरगा पुण्याले. मंग म्हातारीनं काय करावं? माहा नंबर तं हलत नाई ना."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. आमच्याकडे नंबर बदलणं म्हणजे चप्पल बदलण्यासारखं. पाऊण तालुक्यात न बदललेला नंबर एकच, जावेदचा. लोकांना तो पाठ होता. लेकरांचे वाढदिवस ठाऊक नसतील, पण जावेदभाऊचा नंबर विचारा! मला त्याचाही हेवा वाटला. माझा नंबरही कधी बदललेला नाही. तो कोणाला पाठ आहे?

मग तो बाजाराचा दिवस आला.

जावेद सकाळीच आठवडी बाजारात गेला होता. वांगी निवडायला खाली वाकला आणि वरच्या खिशातला फोन गेला. पडला की कोणी काढला, त्याला कळलंच नाही. परत आला तो पांढराफटक. दुकानासमोर माणसं जमायला लागली. मी माझ्या काउंटरवरून बघत होते आणि खरं सांगते, माझ्या मनात लाडू फुटले. आता कळेल! आता येतील सगळे इकडे, म्हणतील बाई सांगत होत्या ते बरोबर होतं.

कोणी आलं नाही. गर्दी त्याच्याच दारात. ज्यांची खाती अडकली तेच त्याची समजूत काढत होते. "जावेदभाऊ, जेवला का?" "जाऊ द्या भाऊ, फोनच तं हाये." एक बाई पदरानं डोळे पुसत होती, तिच्या विम्याचं अडलं होतं म्हणून नाही, जावेदभाऊचं तोंड उतरलं म्हणून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण एक गोष्ट त्या गर्दीतल्या कोणाच्याच डोक्यात नव्हती. मी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला.

"जावेद, फोनला कुलूप होतं का?"

"नाई बाई. गिऱ्हाईक कोनीबी उचलते, पाहते. म्हनून ठेवलं नाई."

"मग ज्याच्या हाती तो फोन आहे, त्याच्या हाती सगळ्यांचे ओटीपी आहेत. आणि पासवर्ड तर तू सगळ्यांना एकच दिलास. आधी सिम बंद कर. रडणं नंतर."

त्यानं माझ्याच फोनवरून कंपनीला सांगून सिम बंद केलं. मग नवीन सिमसाठी काळीपिवळी जीप धरून यवतमाळला निघाला. आता इथे बाहेरच्यांना एक नियम सांगायला पाहिजे. सिम बदललं की पुढचा दिवसभर त्या नंबरावर मेसेज येत नाहीत. मुद्दाम तसं केलं आहे. कोणी तुमच्या नावानं खोटं सिम काढलं तर लगेच तुमचे आकडे त्याला मिळू नयेत, तेवढ्यात तुम्हाला कळावं. मला तो नियम फार आवडतो. त्या दिवशी मात्र तोच आडवा आला.

दुपारचं जेवण होऊन मी बसले होते. दारात एक शेतकरी आणि त्याची मुलगी. मुलीचं नाव प्रणाली. जावेदच्या बंद दुकानासमोर बराच वेळ उभे राहून मग माझ्याकडे आले होते, ते मी बघितलं होतं.

"बाई, पोट्टीचं नर्सिंगचं हाये," बाप म्हणाला. "कॉलेजायची यादी जावेदभाऊनं भरून देल्ली. पर थे लॉक कराचं राह्यलं. आज पाच वाजेलोक टाइम हाये."

हे लॉक करणं म्हणजे काय, तर कोणतं कॉलेज पहिलं, कोणतं दुसरं अशी पसंतीची यादी भरायची आणि शेवटी शिक्कामोर्तब करायचं. ते केलं नाही तर यादी भरली काय न भरली काय, सारखंच. त्या फेरीतून नाव बाद. प्रणालीला मार्क चांगले होते, पहिल्या नंबरावर यवतमाळचं सरकारी कॉलेज होतं, मिळण्यासारखं.

"यादी आधी का नाही लॉक केली?" मी विचारलं.

"मले क्रम बदलाचा होता," मुलगी म्हणाली. "जावेदभाऊ म्हणे, इचार कर, शेवटच्या दिवशी लॉक करू."

"पुढच्या फेरीत बघू," असं मी म्हणाले मात्र, बाप एकदम खाली बसला. म्हणाला, "बाई, मागच्या सालीबी पोट्टी घरीच राह्यली. मार्क कमी होते म्हणून पुन्हा परीक्षा देल्ली. आता अजून एक साल माहा भाऊ, माहा बाप, कोनी थांबू देत नाई. सोयरीक घेऊन लोक येऊन राह्यले. मी कसंतरी अडवून धरलं हाये."

मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत होती.

मी वेबसाइट उघडली. पासवर्ड जावेदचा, तो तिला ठाऊक होता, सगळ्यांनाच होता. आकडा मागितला. आकडा गेला जावेदच्या नंबरावर, म्हणजे कुठेच नाही. मदतीच्या नंबरावर फोन लावला. तिथे गाणं वाजत राहिलं. ईमेल पाहिला, तोही जावेदचा, आणि तो उघडायला पुन्हा जावेदचाच नंबर.

"जावेदभाऊनं भरलं हाये, बराबरच असन," बाप मधेच म्हणाला. स्वतःलाच धीर देत असावा. माझ्या मात्र जिवाला लागलं. इथे मी घाम गाळतेय आणि बरोबर कोण, तर जावेदभाऊ!

अशा वेबसाइटवर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ असते, कोणी वाचत नाही: मोबाइल हाताशी नसल्यास. मी ती दाबली. खातं काढताना एक गुप्त प्रश्न निवडायला लावतात आणि त्याचं उत्तर लिहून घेतात. जन्मगाव कोणतं, पहिली शाळा कोणती, आवडती भाजी कोणती, असे. तोच प्रश्न आणि तेच उत्तर दिलं तर नवीन नंबर जोडता येतो. उत्तर चुकलं तर खातं कुलूपबंद, मग कोणाचा बापही उघडू शकत नाही.

"प्रश्न कोणता घेतला होता?" मी प्रणालीला विचारलं.

"मले माहीत नाई बाई. जावेदभाऊनं टाकलं."

"तुझं खातं, आणि तुला माहीत नाही?"

ती रडायला लागली. मला माझाच राग आला, पण तो दाखवायला वेळ नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. जावेदच होता, यवतमाळहून, कोणा चहावाल्याच्या फोनवरून. माझा नंबर त्याला पाठ होता, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

"बाई, सिम भेटलं, पर मेसेज उद्या चालू होतीन म्हनते. प्रणाली आलती का? तिचं आज..."

"इथेच बसली आहे. गुप्त प्रश्न कोणता टाकलास आणि उत्तर काय, ते सांग लवकर."

तिकडून गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

"जावेद! ऐकतोस का?"

"बाई, थे... फोन पोरीजोळ द्या ना. तिले सांगतो."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मला सांगायचं नाही! एवढा बुडाला तरी याला गिऱ्हाईक सोडवत नाही. मी म्हटलं, "अरे, पोरीचं वर्ष जातंय आणि तू मला चोर समजतोस?"

"तसं नाई बाई. तुमीच तं सांगता ना, उत्तर ज्याचं त्याले सांगा म्हनून. फोन द्या ना बाई."

माझंच शिकवलेलं माझ्याच तोंडावर मारलं. मी फोन तिच्या हातात आदळला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. ते मात्र नियमानं. कोणी खातं उघडत असताना मी बघत नाही, मग जीव गेला तरी.

ती कानाला फोन लावून ऐकत होती. "हो भाऊ... हो... समजलं." फोन ठेवला. बटणांचा आवाज आला, थांबला.

"बाई," ती म्हणाली, "इंदुमती कोन हाये?"

मला आधी काही समजेचना. हे नाव मी किती वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. घरी नवरा "अवं" म्हणतो, दारी सगळे "बाई". पाटीवर नाव नाही. माहेरचे होते ते म्हणायचे, आता ते राहिले नाहीत.

"मी," मी म्हटलं.

"तुमी?"

मी वळले. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं खातं उघडं असताना स्क्रीनकडे पाहिलं. जो प्रश्न निवडला होता तो तिथे लिहिलेला होता: तुमच्या आवडत्या शिक्षकाचे नाव. खालच्या चौकटीत माझं नाव होतं.

बाप म्हणाला, "दाब ना वं पोरी, टाइम होऊन राह्यला!"

तिनं दाबलं. उघडलं. तिच्या बापाच्या फोनचा नंबर जोडला, आकडा त्या फोनवर आला, तिनं स्वतः टाकला. यादीचा क्रम तिला हवा तसा लावला आणि लॉक केलं. घड्याळाकडे मी पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती. बाप माझ्या पाया पडायला लागला, मी त्याला उभं केलं. बाहेर जाऊन त्यानं जो भेटेल त्याला सांगितलं, "जावेदभाऊनं यवतमाळहून फोनवर काम करून देल्लं!" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्याही दिवशी मला हेवा वाटायचा राहिला नाही, तेवढं माझं मन इमानी आहे.

दुसऱ्या दिवशी जावेद आला आणि जुन्या टायपिंगच्या बाकड्यावर बसला. मान खाली.

"सगळ्यांना तेच उत्तर दिलंस?" मी विचारलं.

"हो बाई."

"पूर्ण तालुक्याला?"

"दुसरं नाव आठवेच ना."

"अरे, जन्मगाव टाकायचं, भाजी टाकायची!"

"भाजी बदलते ना बाई. थे नाव बदलत नाई."

डोळ्यांत पाणी आलं ते मी पंख्याच्या वाऱ्यावर ढकललं. मग धंद्याच्या नजरेनं विचार केला. उत्तर एकच सगळ्यांना देणं ही मोठी चूक. पण एक सांगते, गुप्त उत्तर म्हणून ते नाव वाईट नव्हतं. दारव्ह्यात कोणालाच ठाऊक नव्हतं.

पुढे आम्ही दोघांनी मिळून ते निस्तरलं. त्याच्याकडून माणसं रस्ता ओलांडून माझ्याकडे येत, माझ्याकडून परत त्याच्याकडे जात. ज्याचं खातं त्याचा नंबर, ज्याचं वाक्य त्याचं त्याला. म्हाताऱ्यांच्या खात्यावर घरातल्या कोणाचा नंबर टाकायचा यावरून सुनांची भांडणं झाली, ती वेगळीच. आता जावेदही पासवर्ड टाकताना तोंड फिरवतो. आणि लोक काय म्हणतात ठाऊक आहे? "जावेदभाऊ किती काळजी घेते आमची!" तोच नियम, तेच तोंड फिरवणं. मी केलं तर नखरे.

प्रणालीला यवतमाळचंच कॉलेज मिळालं. पेढे घेऊन आली, आधी समोर गेली, मग माझ्याकडे. पण आत आली ती "इंदुमतीबाई" म्हणून, एवढ्या मोठ्यानं की शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर आला.

सर्वांत शेवटी जावेदच्या स्वतःच्या खात्याची पाळी होती. मी त्याला समोर बसवून पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. वाक्य लांब घे. आकडा फोनमध्येच तयार करणारं ॲप टाक, म्हणजे सिम गेलं तरी अडायचं नाही. फोनला कुलूप लाव. आणि गुप्त प्रश्नाचं खरं उत्तर कधीच देऊ नकोस, कारण खरं ते कोणालातरी ठाऊक असतंच. खोटं दे, आणि ते कोणालाही सांगू नकोस. त्यानं मान हलवली. मी तोंड फिरवलं. त्यानं बटणं दाबली, त्याच जुन्या बोटांनी, न बघता.

"बदललं?"

"बदललं बाई."

"प्रश्न?"

"प्रश्न थोच हाये. शिक्षकाचा."

"मग कोणाचं नाव टाकलंस?"

तो नुसता हसला. "तुमीच तं म्हनलं, कोनाले सांगाचं नाई."

नियमानं ते नाव खोटं आहे, त्याच्या आवडत्या शिक्षकाचं नाही, एवढं मला कळतं. मीच शिकवलं आहे. तरी माझ्या जागेवर आता कोण येऊन बसलंय, हा किडा डोक्यातून जात नाही. तेव्हापासून मी त्याला किती वेळा विचारलं: सरळ विचारलं, आडून विचारलं, ईदेच्या दिवशी त्याच्या घरी शीरखुर्मा खाताना विचारलं. तो सांगत नाही. शिकवलेलं इतकं पक्कं धरून ठेवलं, याचा मास्तरणीला अभिमान वाटायला पाहिजे. मला मेलीला नुसता राग येतो.